देव्हाऱ्यातला परका घोडेस्वार

आबा, गेल्या आठवड्यात सैनिकांच्या कचेरीतून एक छापील कागद आला. पहिल्या मोठ्या लढाईत जिल्ह्यातून जे जे गेले त्यांची माहिती गोळा करताहेत. नाव, गाव, तालुका, पलटण, हुद्दा, मिळालेली पदकं. त्याखाली वेगळा रकाना होता : दोस्त राष्ट्राच्या फौजेने दिलेलं पदक असल्यास ते कोणतं आणि कोणत्या कामगिरीबद्दल. माझं सगळं आयुष्य शाळेत रकाने भरण्यात गेलं, त्यामुळे बाकीचं अर्ध्या तासात झालं. पदकापुढे लिहिलं, रशियाच्या बादशहाचा चांदीचा क्रॉस. पुढची जागा कोरी ठेवली आणि कागद परत पाठवून दिला. उत्तर मला ठाऊक आहे. पण ते तुम्ही जन्मात एकदाच, एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि त्या माणसाने ते नीट सांभाळलं नाही. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. मला लिहिण्याची सवय नाही, पत्र म्हणजे चार ओळी आणि खाली सही, एवढंच मला येतं. तरी बसले आहे.

मला तुम्ही पहिल्यांदा आठवता ते गिरणीच्या फाटकावर. लढाईहून आलात तेव्हा मी चार वर्षांची होते, त्याआधीचे आबा मला माहीतच नाहीत. करमाळ्याकडची जमीन भावांच्या हवाली करून तुम्ही आईला आणि मला सोलापुरात आणलंत आणि गिरणीच्या फाटकावर जमादार झालात. भोंगा झाला की माणसांचा लोंढा तुमच्यासमोरून जायचा आणि तुम्ही खाकी कोटात ताठ उभे. मी भाकरीचं फडकं घेऊन यायची. तुम्ही सगळ्यांदेखत मला विचारायचात, "पलटन, नखं दाखवा." मी दोन्ही हात पुढे करायची. "पलटन पास. आता घराकडं कूच." माणसं हसायची, आणि मी पाय आपटत, हात हलवत घरी यायची. घरात तुम्ही फार बोलायचा नाहीत. जेवताना ताटात डोळे, जेवण झालं की ओट्यावर बसून बुटांना पॉलिश. पण सकाळी शाळेत जाताना नखांची तपासणी कधी चुकली नाही.

तुमच्या पेटीत तीन बिल्ले होते. ते सगळ्याच शिपायांना मिळालेले, आमच्या आळीत आणखी दोघांकडे होते. चौथा पेटीत नव्हता. तो देव्हाऱ्यात होता. चांदीचा, चार पाकळ्यांच्या फुलासारखा, आणि मधल्या गोलात घोड्यावर बसलेला माणूस. हातात लांब हत्यार, घोड्याच्या पायाखाली काहीतरी वळवळणारं. तुम्ही घरी आलात त्याच दिवशी तुमच्या पिशवीतून तो आईच्या हाती लागला आणि तिने तो डोळ्यांना लावला, असं ती सांगायची. "सोलापुराजवळच्या बाळ्याच्या खंडोबाला नवस केल्ता की मी. माझा माणूस जित्ता येऊ दे, चालत येऊन तळी उचलीन. तर देव सोताच छातीवर बसून आला, बग." आपल्या घरात कुलदैवतांचे आणि वाडवडिलांचे चांदीचे टाक होते, बोटाएवढे, पत्र्यावर मूर्ती उठवलेले. त्यात खंडोबा घोड्यावरच. आईने त्याच्या शेजारी हा बसवला. पायाखालचं वळवळणारं म्हणजे मणी दैत्य, असं तिने ठरवूनही टाकलं. रोज गंध, फूल, रविवारी चिमूटभर भंडारा. भंडाऱ्याने त्याचा चेहरा पिवळा झालेला असायचा. तुम्ही कामावर जाताना देव्हाऱ्यासमोर उभे राहायचात, इतर देवांपुढे हात जोडायचात, आणि त्याच्यापुढे मान किंचित खाली करायचात. मला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही.

एकदा गिरणीत कुणी बडा साहेब यायचा होता. मॅनेजरने तुम्हाला सांगितलं होतं, फाटकावर सगळे बिल्ले लावून उभं राहायचं, तो परमुलखातला तर नक्की. सकाळी तुम्ही कोट घालून देव्हाऱ्यापुढे आलात तर आई आडवी.

"देव काय कोटाला टाचायची वस्तू हाय?"

"आगं, दोन घंट्याचं काम. सायेब बगंल आन जाईल."

"सायबाला बगायचा आसंल तर म्हणावं आंघुळ करून ये, चपला भाईर काड, आन हितं येऊन दर्शन घे."

तुम्ही हसलात. तुमचं हसणं नाकातून यायचं, आवाज नसायचा. तीन बिल्ले लावून गेलात. संध्याकाळी आईने विचारलं, काय म्हणाला साहेब? तुम्ही म्हणालात, "इचारलं त्यानं, चवथा कुटं हाय. मी म्हनलं, ड्युटीवर हाय." आई त्यावर दोन दिवस हसत होती. घर हसत असलं की तुम्ही बूट जास्त वेळ घासायचात, हे मी पाहिलेलं आहे.

मी मराठी सहावीत असताना आमच्या बाईंनी युरोप शिकवायला घेतला. त्यांनी नकाशावर छडी ठेवून रशिया दाखवला तेव्हा मी हात वर केला. वर्गात मी कधी बोलत नसे, पण त्या दिवशी राहवलं नाही. म्हटलं, आमच्या आबांना तिथल्या बादशहाने खंडोबा दिलाय. सगळ्या मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पाटीवर तो काढून दाखवायला सांगितला. मी चार पाकळ्या काढल्या, घोडा काढला, हातातलं लांब हत्यार काढलं. बाई म्हणाल्या, "खंडोबाच्या हातात तलवार असते ना? हा तर भाला दिसतोय. हा त्यांचा कुणी संत असावा. आणि हे फूल नव्हे, क्रूस आहे." मग हळूच म्हणाल्या की ज्या बादशहाने तो दिला त्याला त्याच्याच लोकांनी बायकापोरांसकट गोळ्या घातल्या, आता तिथे बादशहा नाही आणि ती फौजही नाही. मला आठवतं, मला वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. आपल्या घरात कुणालाच नसलेली एक गोष्ट आता मला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. चार महिने बंद असलेली वांगी त्या दिवशी घरात येतात. चुलीत वांगी भाजताहेत, त्यांचा खरपूस वास घरभर भरलाय, आणि आई चुलीपाशीच बसून रांगोळीने टाक उजळते आहे. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरातल्या अक्का उंबऱ्यात टेकल्या आहेत. आईने क्रॉस हातात घेतला आणि त्यांना सांगायला लागली, हा कसा समुद्रापलीकडून आला ते. अक्कांनी ते शंभरदा ऐकलेलं. मी भरिताचा कांदा चिरत होते. सुरी खाली न ठेवताच म्हटलं, "आई, तो खंडोबा नाही. किरिस्तावांचा कुणी संत आहे. आणि ज्या राजाने दिला त्याला बायकापोरांसकट मारून टाकलंय."

आईने वर पाहिलं. "कोण म्हनलं?"

"आमच्या बाई. नक्की."

अक्का हसून म्हणाल्या, "अय्यो, मग इतके वर्सं पूजा कुणाचा केला गं तू?"

त्या चेष्टेने बोलल्या. आईच्या तोंडावरचा रंग मात्र उतरला. किरिस्ताव असण्याचं तिला इतकं लागलं नसावं, आमच्या आळीत पिराला नारळ देणारे पुष्कळ होते. पण निर्वंश झालेल्या राजाची वस्तू आपण देवात ठेवली, तीही एकुलती एक पोर असलेल्या घरात, हे तिच्या मनात शिरलं. तिने हात धुतले. क्रॉस फडक्यात गुंडाळला आणि तुमच्या पेटीत, तळाशी, कोटाखाली ठेवला. परत येऊन उरलेले टाक उजळले. अक्का उठून गेल्या.

तुम्ही दुपारी आलात, पाय धुतलेत आणि देव्हाऱ्यासमोर उभे राहिलात. बराच वेळ. "ह्यो कुटं गेला?"

"पेटीत ठिवलाय. त्यो देव न्हाई म्हनं. तुमच्या लेकीला इचारा."

तुम्ही माझ्याकडे वळलात. मला वाटलं होतं, आबांना हे सगळं माहीत असणारच, ते म्हणतील, पोरगी हुशार निघाली. तुम्ही म्हणालात, "तुला कुनी इचारलं हुतं?"

आवाज चढलेला नव्हता. तेवढंच. तुम्ही मला जन्मात एकदाच बोललात, आबा, तर ते हे. मग शेजारचे पुरुष आले, पाच जणांनी मिळून तळी उचलली, येळकोट झाला, तुम्ही भंडारा कपाळाला लावलात. पानात भरीत होतं, तुमच्या आवडीचं. तुम्ही भाकरी ताकात कुस्करून खाल्लीत आणि भरिताला हात लावला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही हात पुढे करून उभी राहिले. तुम्ही नखं पाहिलीत, म्हणालात, "पास." पलटण म्हणाला नाहीत. रागावला होतात असंही नाही. शाळा सोडवायची गोष्ट निघाली तेव्हा तुम्हीच काकांना उलटून बोललात, "लढाईत बसऱ्याला दवाखान्यात गोऱ्या बाया बगितल्या मी. शिकलेली बाई काय करती ते मला सांगू नगा." पण लढाईचं, परमुलखाचं, त्या घोडेस्वाराचं तुम्ही माझ्यासमोर नाव काढेनासे झालात, आणि मी विचारेनाशी झाले. पाच वर्षं. एका खोलीच्या घरात पाच वर्षं एखादी गोष्ट न बोलता राहायला फार जपून वागावं लागतं.

मग मला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली. बार्शीच्या एक मास्तरीणबाई पुण्याला निघाल्या होत्या, त्यांच्या सोबतीने मी जायचं ठरलं, आणि तुम्ही मला कुर्डुवाडीपर्यंत पोहोचवायला आलात. त्या बाई ज्या गाडीने यायच्या होत्या ती बार्शीची छोटी गाडी तीन तास उशिरा होती. आपण फलाटावर माझ्या ट्रंकेवर बसलो आहोत, ऊन पायांपर्यंत आलंय, एक इंजिन पाणी भरून घेतंय. तुम्ही त्या पाण्याच्या धारेकडे बघत होतात. आणि काही न विचारता सांगायला लागलात.

"बसऱ्याच्या वर लई लांब, नदीकाठी आमचा तळ हुता. तितं रशियाचे घोडेस्वार आले. डोंगर, वाळवंट तुडवून, आमास्नी भेटायला. भाषा कुनाची कुनाला येत न्हाई. आमी त्यास्नी रोट्या दिल्या, त्यांनी बिनदुधाचा च्या दिला. लई घान." इथे तुम्ही हसलात. "एक दिवस घोडी पवनी घातली नदीत. त्यांचा एक गडी धारंला लागला. बुडायला लागला, आन सगळे काठावर नुसते वरडायला लागले. माझा एक दोस्त हुता पलटनीत, अकलूजकडचा. नीरेच्या डोहात पवायला शिकल्याला. त्यानं कमरंला दोर बांदला, टोक माझ्या हातात दिलं, म्हनला, सोडू नगंस. आन उडी टाकली. दोन येळा बुडाला. तिसऱ्या येळंला त्याचे क्यास धरून वर आला."

"आणि तुम्ही?"

"मी काय केलं? मी निस्ता दोर धरला हुता."

तो तुमचा दोस्त त्याच उन्हाळ्यात तापाने गेला, गोळीने नाही. त्यानंतर काही महिन्यांनी पलटणीत ते क्रॉस आले. साहेबाने वाचून दाखवलं, दोस्त बादशहाने खूश होऊन दिलेत, दोन्ही फौजांच्या दोस्तीखातर. एक त्याच्यासाठी होता. घरी पाठवायचा तर घर नव्हतं. आईबाप, भाऊ, सगळे प्लेगात गेलेले. मग गडी म्हणाले, ह्यानं दोर धरला हुता, ह्याला द्या. साहेबाने तो तुमच्या छातीला लावला.

"मी घरी आलो तर तुजी आई म्हनली, खंडोबा आला. मी तोंड उगडनार हुतो. मग बगितलं, तिनं फूल वायलं. मनात म्हनलं, ऱ्हाऊ दे. त्याला पानी घालायला दुसरं हाय कोन? आपल्यात गेलेल्याचा टाक बसवत्यात, त्याचा कोन बसिवनार? त्यो आपसूक बसला."

मी विचारलं, हे आईला का नाही सांगितलंत? तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू शिकून मी काय मिळवलं असं तुम्हाला वाटत होतं. "परक्या मेलेल्या मानसाला ती देवात बसू दील व्हय? भूत काडायला भगत आनंल घरात." मग तुम्ही ते म्हणालात, ज्यासाठी एवढं सगळं सांगितलं होतंत. "तू तिला सांग की. सुट्टीला येशीला तवा. म्हण, बाईंची चूक झाल्ती. पुन्यात इचारलं, खंडोबाच हाय. माझं ऐकनार न्हाई ती, तुजं ऐकंल."

मी म्हटलं, "आबा, खोटं कसं सांगू? मी आता शिक्षिका होणार."

तुम्ही नाकातून हसलात. "बरं बरं, मास्तरीनबाई." आणि माझ्या ट्रंकेचं कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलंत.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले होते. पंधरा दिवस होते. रोज आई देवपूजा करताना मी तिच्याजवळ बसायची आणि रोज ते वाक्य तोंडाशी यायचं. तुम्ही एकदाही आठवण दिली नाहीत. आई एकटी असली की तुम्ही काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचात, मला बोलायला मोकळीक मिळावी म्हणून. मला ते कळत होतं. चौदाव्या दिवशी मी ठरवलं, आता चैत्रात सांगू. चैत्राच्या आत तार आली. मी पोहोचले तेव्हा तुम्हाला नेलेलं होतं. आईने मला दारातच सांगितलं की तुम्ही सकाळी कामावर जाण्यासाठी कोट घातला आणि खाली बसलात. अंगावर कोट तसाच होता.

वर्षश्राद्धाच्या आधी तुमचा टाक करायचा होता. सोनाराकडे निघताना आईने पेटी उघडली आणि तळाशी हात घालून ते फडकं काढलं. "चांदी चोक हाय. दुसऱ्या चांदीचा कशाला, ह्याचाच करू. त्यास्नी लई जीव हुता ह्याचा." मी म्हटलं, पण तू तर त्या राजामुळे... ती म्हणाली, "सोनाराला इचारलंय. आगीतनं गेलं की दोष ऱ्हात न्हाई." तेव्हा मी सगळं सांगू शकत होते. खोटं नाही, खरंच. तुम्ही नव्हता, आता कुणाची आडकाठी नव्हती. मी फडकं सोडून एकदा तो घोडेस्वार पाहिला. भंडाऱ्याचा एक पिवळा कण भाल्यापाशी अजून अडकलेला होता. मी म्हटलं, "कर." माझ्या मनात आलं, निदान दोघे एका जागी बसतील. तुम्हाला हे चाललं असतं का, ते मला आजही सांगता येत नाही. तुम्ही रागावला असतात तर एक वाक्य बोलला असतात, आणि मला ते हवं आहे.

आई शेवटपर्यंत माझ्याकडे होती. तिच्यामागे देव माझ्याकडेच आले, कारण दुसरं कुणी नाही. मी फारशी देवाधर्माची नाही, पण तुमचा टाक रोज धुते, गंध लावते, पाणी घालते. सोनाराने तुम्हाला घोड्यावर बसवलंय. तुम्ही कधी घोड्यावर बसला नव्हतात, पायदळातले तुम्ही. तुम्हाला हसू आलं असतं. पाणी घालताना दोघांना घालते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तुमचं नाव घेते आणि मग थांबते.

आबा, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या कागदावरचा रकाना मी कोरा सोडला तो रकाना लहान होता म्हणून नव्हे. कुर्डुवाडीला तुम्ही मला त्याचं नाव सांगितलं होतंत. आडनावासकट, त्याच्या वाडीच्या नावासकट, दोनदा सांगितलंत, सावकाश, पाठ करून घेतल्यासारखं. त्याच वेळी बार्शीची गाडी लांबून दिसली आणि मी ट्रंक उचलायला वाकले होते. "लक्षात ऱ्हाईल न्हवं?" तुम्ही विचारलंत. मी मान हलवली. तुम्हाला वाटलं, राहिलं.